हिमचंप्याचं फूल तिसऱ्या दिवशी तपकिरी का पडतं, आणि कळी करपते ती कशाने

अमळनेरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे मोठ्या कुंडीत हिमचंपा, म्हणजे मॅग्नोलिया आहे आणि अंगणात जमिनीत लावलेला सोनचाफा. हिमचंप्याला यंदा पहिल्यांदाच तीन कळ्या आल्या. एक छान उमलली, पण तिसऱ्या दिवशी सगळी तपकिरी होऊन गळली. दुसरी न उमलताच टोकाकडून करपली. तिसरी अजून बंद आहे. सोनचाफ्याच्या कळ्या मे महिन्यात पिवळ्या पडून झडतात, ते वेगळंच. दुकानदाराने बुरशीनाशकाची पुडी हातात दिली आहे. मारू का?

नका मारू, ताई. पहिल्या फुलाला काहीही झालेलं नव्हतं. त्याचं आयुष्यच तेवढं. दुसऱ्या कळीला मात्र नक्की झालं होतं, पण ती बुरशी नव्हे. दोन्हींचा शेवट तपकिरी रंगात झाला म्हणून तुम्ही त्यांना एकाच रांगेत बसवलंत, आणि दुकानदाराने तर झाड न पाहताच बसवलं. हे दोन तपकिरी रंग वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं, म्हणून आधी फूल नीट वयात येऊन कसं मावळतं ते सविस्तर सांगतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे चाफा या नावाखाली बरंच काही विकलं जातं. देवळापुढचा पांढरा चाफा, ज्याची फांदी तोडली की चीक येतो, तो या कुळातला नाही. तो अमेरिकेतून आलेला प्लुमेरिया. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. नागचाफा आणखी वेगळा. मॅग्नोलियाच्या घरातले आपल्या बागांत दिसणारे मुख्य तिघे: सोनचाफा, कवठी चाफा आणि हिमचंपा. गंमत अशी की मॅग्नोलिया हे नाव फ्रान्समधल्या माँपेलिएच्या पिएर मॅग्नोल या वनस्पतिशास्त्रज्ञावरून १७०३ मध्ये ज्या चार्ल्स प्लुमिएने दिलं, त्याच्याच नावावरून पुढे देवळातल्या चाफ्याला प्लुमेरिया हे नाव पडलं. नात्याने लांबची झाडं, पण नावाची अशी एकमेकांत गुंतलेली.

हिमचंप्याची ओळख सोपी आहे. पान जाड, वरून चकचकीत गर्द हिरवं, आणि उलटं केलं की मागे तांबूस मखमली लव. फांदीवर प्रत्येक पानाच्या बुडाशी एक बारीक वळं दिसतं, बांगडी घातल्यासारखं पूर्ण फांदीभोवती फिरलेलं. कोवळ्या पानावरचं आवरण गळून पडलं त्याची ती खूण. सोनचाफ्याच्या फांदीवरही ती सापडते. ती दिसली की झाड याच घरातलं, असं बहुतेक वेळा बिनधास्त समजावं.

आता कळी. हिमचंप्याची कळी फांदीच्या टोकाला येते, सोनचाफ्याची पानाच्या बगलेत. याच फरकावरून पूर्वी सोनचाफ्याला मिशेलिया म्हणून वेगळं घर दिलेलं होतं. आता शास्त्रज्ञांनी त्यालाही मॅग्नोलियातच घेतलं आहे, पण जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच नर्सऱ्यांच्या पाट्यांवर मिशेलिया चंपाका अजून दिसतं. बागेत काम करणाऱ्याला या फरकाचा उपयोग छाटणीच्या वेळी होतो. हिमचंप्याचे शेंडे खुडले तर त्या फांदीचं यंदाचं फूल गेलं. सोनचाफ्याचे शेंडे खुडले तर बगलेतून नवी फूट येते आणि प्रत्येक नव्या पानागणिक कळीची शक्यता वाढते. एकाच कात्रीने दोघांना सारखं छाटायचं नाही.

हिमचंप्याची कळी आधी करड्या-हिरव्या लवदार आवरणात असते आणि बरेच दिवस काही घडतच नाही असं वाटतं. मग एका बाजूने आवरण उसवतं, खाली गळतं, आणि आतून पांढरी, निमुळती, उभी कळी बाहेर येते. या टप्प्यावर कळी बोटाने चाचपू नका. मोह होतो, कारण ती खरंच मेणाची वाटते. पण जिथे बोट दाबलं तिथे डाग उमटणारच. बाहेरच्या तीन पाकळ्या आधी सैल होतात. खरं तर या झाडात फुलाखालची हिरवी दलं आणि पाकळ्या असा भेदच नसतो. बाहेरून आतपर्यंत सगळी एकाच जातीची दलं, हिमचंप्यात बहुधा नऊ, कधी सहा, कधी बारा. आपण सोयीसाठी पाकळ्याच म्हणू.

पाकळ्या सैल झाल्या की वास येतो. हिमचंप्याचा वास लिंबाकडे झुकणारा, गार. सोनचाफ्यासारखा घरभर घुमत नाही, जवळ जावं लागतं. या वेळी फुलात डोकावून पाहा, पण हात न लावता. मध्ये एक उभा शंकू असतो. त्याच्या वरच्या भागावर बारीक वळलेल्या, ओलसर चकाकणाऱ्या जिभा दिसतात, ते स्त्रीकेसर. खालच्या भागाला पुंकेसर घट्ट चिकटून बसलेले, अजून मिटलेले. म्हणजे पहिल्या दिवशी फूल फक्त पराग घ्यायला तयार असतं, द्यायला नाही. कित्येकदा ते रात्री पुन्हा थोडं मिटतं. दुसऱ्या दिवशी उघडतं तेव्हा त्या ओल्या जिभा सुकून शंकूला टेकलेल्या असतात आणि पुंकेसर सुटू लागलेले असतात. खाली पाकळ्यांच्या वाटीत ते ढिगाने पडतात, बुडाशी जांभळट रंगाचे. नेमकं हेच पाहून लोक घाबरतात, की फूल किडलं, आतून भुसा पडतोय. तो भुसा नव्हे, फुलाचा दुसरा दिवस आहे.

एकाच फुलातल्या परागाने त्याच फुलात फळ धरू नये म्हणून ही दोन दिवसांची पाळी. या कुळाची मूळ मदार भुंगेऱ्यांवर. भुंगेरा पहिल्या दिवशीच्या फुलात शिरतो, मिटलेल्या पाकळ्यांत रात्र काढतो, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. मध वगैरे काही मिळत नाही त्याला. आसरा मिळतो, आणि खायला पराग. पाकळ्या एवढ्या जाड आणि चिवट का, याचंही कारण बरेच जण हेच सांगतात, की भुंगेऱ्यांची वर्दळ सोसायची असते. मॅग्नोलियाच्या काही जातींत तर फूल स्वतः थोडी ऊब तयार करतं, त्याने वास दूरवर जातो, असंही अभ्यासात आढळलं आहे. आपल्या अंगणात मुख्यतः मधमाश्या येतात, परागासाठी. त्यांना येऊ द्या. तुमची बुरशीनाशकाची पुडी न फोडण्याचं हेही एक कारण आहे.

तिसऱ्या दिवशी पाकळीचा पांढरा रंग आधी मळकट पिवळसर होतो, मग साबराच्या कातड्याचा, मग तपकिरी. हा बदल सगळ्या पाकळीवर सारखा पसरतो आणि पाकळी मऊ पडलेली असते, कुरकुरीत नाही. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, त्याच जातीची ही प्रक्रिया. पाकळीच्या पेशींत फिनॉल गटातले पदार्थ असतात आणि त्यांच्यावर काम करणारं एंझाइम वेगळ्या कप्प्यात असतं. पेशी म्हातारी झाली किंवा चेंगरली की दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग तपकिरी होतो. म्हणूनच बोट लावलं तिथे डाग, वाऱ्याने पान घासलं तिथे रेघ. थंड, ओलसर हवेत हे फूल तीन-चार दिवस काढतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दोन-अडीच दिवस मिळाले तरी पुष्कळ. तुमचं पहिलं फूल तिसऱ्या दिवशी गेलं म्हणता, तर त्याने अमळनेरच्या उन्हाळ्यात चांगलीच मजल मारली.

दुसऱ्या कळीचं तसं नाही. ती टोकाकडून करपली, उमलण्याआधी, आणि तुम्ही लिहिलं नसलं तरी मी पैजेवर सांगतो की पश्चिमेकडची बाजू जास्त करपलेली असणार आणि बोटांत धरली तर चुरा होत असणार. हा दुसरा तपकिरी. वयाचा तपकिरी मऊ असतो, सगळीकडे असतो आणि पुंकेसर गळल्यानंतर येतो. मार बसल्याचा तपकिरी कोरडा असतो, कडेला किंवा एका अंगाला असतो आणि फुलाचं काम सुरू होण्याआधीच येतो. बुरशीचा तिसरा प्रकारही असतो. त्यात डागावर ओलसरपणा आणि करडी लव दिसते. तो श्रावण-भाद्रपदात, झड लागलेली असताना पाहायला मिळेल. एप्रिल-मेच्या खान्देशात, जिथे धुतलेलं धोतर तासाभरात वाळतं, तिथे पाकळीवर बुरशी धरायला ओल आणायची कुठून?

लोक म्हणतात, हे थंड प्रदेशाचं झाड, आपल्या उन्हात तग धरणार नाही. नावातल्या हिमाने हा घोटाळा केला आहे. हिमचंपा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आणि तिथे उन्हाळा चांगलाच तापतो. फरक असा की तिथली गरम हवा दमट असते आणि पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ च्या पुढे जातो तेव्हा हवेत ओलावा जवळजवळ नसतोच, आणि दुपारी पश्चिमेकडून झळा वाहतात. पाकळीतून पाणी उडतं त्या वेगाने देठातून पाणी चढत नाही. टोक मुळांपासून सर्वांत लांब, म्हणून ते आधी करपतं. तेव्हा सावली महत्त्वाची, पण वारा अडवणं त्याहून महत्त्वाचं. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लोक गच्चीवर हिरवी जाळी डोक्यावर बांधतात आणि पश्चिमेची बाजू सताड उघडी ठेवतात.

कुंडी अशी ठेवा की सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत मिळेल, त्यानंतर घराची सावली येईल. घराची पूर्व किंवा ईशान्य बाजू उत्तम. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून तर अजिबात नको, ती भिंत रात्री दहापर्यंत धग सोडत राहते. जागा बदलणं शक्य नसेल तर ५० टक्क्यांची शेडनेट वर आणि पश्चिमेला, दोन्हीकडे लावा. मोठी केळ किंवा अडुळशाचं जुनं झुडूप पश्चिमेला असेल तर जाळीपेक्षा ते बरं. एक गोष्ट मात्र आत्ता करू नका. तिसरी कळी बंद आहे तोवर कुंडी फिरवू नका, आणि माती बदलण्याचा विचारही नको. कळीवर असताना या झाडाची मुळं हलवली की ते सगळ्यात आधी कळी टाकून देतं. आत्ता आहे तिथेच आडोसा उभा करा. गोणपाट बांधलं तरी चालेल.

संध्याकाळी चारच्या सुमारास कुंडीच्या पश्चिमेकडच्या अंगाला तळहात लावा. हात ठेववत नसेल तर आतली मुळं शिजताहेत. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत हे हमखास होतं. मॅग्नोलियाची मुळं मांसल, ठिसूळ असतात, तंतुमुळांचं दाट जाळं नसतं. कडेची मेली की भरून यायला वेळ लागतो. कुंडीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, किंवा ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत विटांचा चुरा किंवा वाळू भरून ओली ठेवा. वरून आच्छादन हवंच: पऱ्हाटीचा बारीक भुसा, भुईमुगाची टरफलं, केळीची वाळलेली पानं, जे गावात फुकट मिळेल ते, चार बोटं जाड. फक्त खोडाला टेकू देऊ नका. आच्छादन असेल तर खुरपी मारायची गरज पडत नाही, आणि या झाडाच्या बुंध्याशी खुरपी मारायचीच नसते. मुळं वरच्या वितीतच असतात.

पाणी पहाटे द्या, पोटभर, तळाच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत. मग बोटाची दोन पेरं माती सुकली की पुन्हा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, असेल तेव्हा रोज लागेल. दिवसातून चार वेळा तांब्या-तांब्या टाकणं हा सर्वांत वाईट प्रकार, वर चिखल आणि खाली कोरडं. ठिबकचं गाव जळगाव आपल्या शेजारी आहे, तेव्हा दोन लिटरचे दोन ड्रिपर कुंडीत समोरासमोर लावून घ्या. गावाला गेलात तरी झाड उपाशी राहत नाही. कळीवर आणि फुलावर पाणी शिंपडू नका, त्याने गारवा येतो हा भ्रम आहे. आपलं पाणी वाळलं की क्षाराचा पांढरा ठिपका ठेवून जातं आणि पाकळी तिथून खराब होते. आजूबाजूची जमीन ओली करा, त्याचा खरा उपयोग होतो.

आणि आता पाण्यातला चुना. खान्देशात मॅग्नोलिया हळूहळू खंगतो तो यापायीच. या झाडाला माती किंचित आम्ल लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, आणि बोअरचं पाणी वर्षानुवर्षं त्यात चुना भरत राहतं. मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. नवी पानं फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या, असं दिसलं की समजा लोह अडलं. अशा झाडाच्या कळ्या लहान राहतात आणि उन्हाला आधी बळी पडतात. कुंडीच्या काठावर पांढरी खरवड दिसते का पाहा. तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. फसफसली तर चुना. हीच परीक्षा कुंडीत घालायच्या वाळूची आणि मुरमाचीही करा, कारण आपल्याकडचा बराच मुरूम चुनखडीचा असतो. नीट आकडा हवा असेल तर माती आणि पाणी दोन्ही कृषी विज्ञान केंद्रात तपासायला द्या. ममुराबाद, पाल, धुळे, नंदुरबार, जे जवळ पडेल ते.

लिंबू पिळून किंवा व्हिनेगर टाकून कुंडीची माती आम्ल होते असं हल्ली फार सांगितलं जातं. होते, थोड्या दिवसांपुरती. पाण्यातून चुना येतच राहिला तर आठवड्यात जैसे थे. पाणीच बदलायला हवं. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी टाकीत साठवता आलं तर हिमचंप्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. घरात एसी असेल तर त्याचं गळणारं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार नसतात. पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी चुकूनही घालू नका. कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो, शेवटी तळाशी उरतो तो खारट अर्क. आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने कितीतरी बायाबापड्यांनी हे पाणी नेमकं कुंड्यांना घालून झाडं घालवलेली मी पाहिली आहेत. त्याने फरशी पुसा.

गंधकाची भुकटी मोठ्या कुंडीला दोन चमचे, मृगाच्या पावसानंतर आच्छादनाखाली मिसळून द्या. मातीतले जिवाणू तिचं आम्ल करतात, त्याला ओल, ऊब आणि दोन-तीन महिने लागतात, तेव्हा आठ दिवसांत फरक शोधू नका. लोह द्यायचं तर दुकानात ईडीडीएचए लिहिलेलं चिलेटेड लोह मागा. साधं ईडीटीए स्वस्त पडतं, पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही, पैसे मातीत जातात. फेरस सल्फेट मातीत टाकण्याला तर त्याहून कमी अर्थ. फेरस सल्फेट फवारायचं असेल तर लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, पानांवर, कळ्या वगळून.

माती पुढच्या वेळी बदलाल तेव्हा, म्हणजे आषाढात, फुलं संपल्यावर, काळी माती अजिबात घेऊ नका. कुजलेला पालापाचोळा दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, जुनं शेणखत एक भाग आणि न फसफसणारी जाड वाळू एक भाग. मुळांचा गोळा फोडायचा नाही, आहे तसा उचलून ठेवायचा.

सोनचाफ्याकडे वळतो. तो जमिनीत आहे, त्यामुळे त्याची तक्रार थोडी वेगळी. काळी जमीन मेमध्ये भेगाळते आणि भेग मुळं तोडत जाते. मग झाड पहिली काटकसर कळीत करतं. आळ्यात आच्छादन आणि आठवड्यातून दोनदा खोल पाणी, एवढ्याने गळ बरीच थांबते. पण मेमधल्या थोड्या कळ्या गेल्या तर जीवाला लावून घेऊ नका. आपल्याकडे त्याचा खरा बहर पाऊस स्थिरावल्यावर येतो. श्रावणात कानबाईचे रोट होतात त्या सुमाराला अंगणातल्या चाफ्याला फूल नाही, असं निरोगी झाडाच्या बाबतीत सहसा होत नाही. पावसाळ्यात उलट काळजी घ्यायची: बुंध्याशी पाणी तुंबू द्यायचं नाही. आळं मोडून मातीचा उंचवटा करा. उन्हाळ्यात खोलगट आळं आणि पावसाळ्यात उंचवटा, काळ्या जमिनीत हे दरवर्षी करावंच लागतं. युरिया देत असाल तर बंद करा, पानंच पानं वाढतील. झाड कलमी असेल तर कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट दिसताक्षणी काढा, नाहीतर वर वेलणकर ही कलमी जात आणि खाली जंगली, आणि जिंकणार जंगली.

सोनचाफ्याच्या पानांवर हिरव्या, पुढून फुगीर अळ्या दिसल्या तर दोन-चार पानं त्यांना सोडा. टेल्ड जे नावाच्या हिरवट ठिपक्यांच्या फुलपाखराची अळी या झाडावर आणि आपल्या आसुपालवावर वाढते. तिने चाफा मरत नाही. खवले कीड मात्र सोडू नका. फांदीला चिकटलेले तपकिरी ठिपके आणि खालच्या पानांवर चिकट, मग काळा थर. जुन्या दातघासणीने साबणाच्या पाण्यात घासून काढा, झाड छोटं असेल तर एवढं पुरतं.

सोनचाफ्याचं फूलही एका-दोन दिवसांचंच. पहाटे ते फिकट पिवळं, अर्धवट उघडलेलं असतं. दुपारपर्यंत नारिंगीकडे जातं, वास जड होतो. दुसऱ्या दिवशी कडा तपकिरी. पूजेला किंवा गजऱ्याला हवं असेल तर उजाडायच्या आत, अर्धी उमललेलीच तोडायची, देठाला धरून, पाकळ्यांना न शिवता. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये. डब्याशेजारी पिकती केळी ठेवू नका. आपल्या घरांत घड असतोच, आणि पिकणाऱ्या केळ्यातून निघणारा इथिलीन वायू अनेक फुलांना लवकर म्हातारं करतो. काचेच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून त्यात फूल बुडवून ठेवण्याची जुनी रीतही चांगली आहे. हवा नाही, तर तपकिरी होणं मंदावतं. त्यासाठी आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या. वास मात्र बाटली उघडेपर्यंत आतच.

हिमचंप्याचं फूल मी तोडायला सांगणार नाही. देठ आखूड, घरात आणेपर्यंत डाग पडतात, आणि टोकाची फांदी कापली की पुढची फूट आडवी जाते. ते झाडावरच पाहावं. उमलायच्या दिवशी सकाळी सातला, दुपारी चारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुंकेसर सुटताना, एवढ्या तीन वेळा डोकावलात तर सगळं दिसतं. संध्याकाळच्या वासाची हौस असेल तर तिसरा भाऊ, कवठी चाफा, घरात आणा. झुडूपच राहतो, अर्ध्या सावलीत खूश असतो, खाली मान घातलेलं फूल तिन्हीसांजेला उघडतं आणि पिकल्या कवठाचा वास सोडतं. दुसऱ्या दिवशी पाकळ्या कुंडीत पडलेल्या असतात. त्यालाही रोग समजून औषध मारणारे भेटतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शेवटचं, फळांबद्दल. फूल गळल्यावर मधला शंकू राहतो आणि फळ धरलं तर फुगतो. सोनचाफ्याला अशा फळांचे घोस लागले की पुढची फुलं कमी होतात, कारण झाडाची ताकद तिकडे जाते. ते कोवळे असतानाच खुडा. हिमचंप्याला एखादं ठेवायला हरकत नाही. पिकलं की कप्पे उकलतात आणि लालभडक बिया बारीक दोऱ्याला लोंबकळतात. त्या पेरायच्याच असतील तर वरचा लाल गर धुऊन ताज्याच पेरा. वाळवून ठेवल्या की उगवण झपाट्याने घटते. पण बियांच्या हिमचंप्याला फूल यायला दहा वर्षंही लागू शकतात. दुसरं झाड हवं असेल तर जुलैमध्ये कलमी रोप घ्या, कुंडीतच ठेवायचं असेल तर लिटल जेम ही ठेंगणी जात विचारा, आणि घेताना कलमाचा सांधा डोळ्यांनी पाहूनच पैसे द्या.